जुवेकरांच्या खुणा

श्यामसुंदर जुवेकर कस्टम्समध्ये होते. कलकत्त्याच्या बंदरात जहाज लागले की वर चढायचे आणि लपवलेला माल हुडकून काढायचा, एवढ्यासाठी सरकार त्यांना पगार देत होते. तांदळाच्या डब्याच्या दुहेरी बुडातून त्यांनी सोने काढले होते, मुरांब्याच्या बरणीतून मनगटी घड्याळे काढली होती. एका खलाशाच्या लाकडी पायाकडे पाहून, "हा डावीकडे जरा जड वाटतो," असे म्हणून त्यांनी तो पायही उघडायला लावला होता. त्यात काही निघाले नाही. जुवेकरांना मात्र अखेरपर्यंत वाटत राहिले की आपण जरा उशिरा पोचलो.

अशा माणसाला संध्याकाळी घरी आल्यावर संशय खुंटीला टांगून ठेवता येत नाही. भवानीपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बिऱ्हाडात दूध आले की ते आधी उजेडाकडे धरले जाई. इलिश विकणाऱ्या कोळणीला ते माशाचे कल्ले स्वतःच्या हाताने उघडून दाखवायला लावत, आणि मग तिनेच का उघडले म्हणून पुन्हा स्वतः उघडत. गणपतीला मराठी मंडळी जमली आणि कुणी त्यांच्या ताटात आग्रहाने दोन मोदक जास्त वाढले, की याचे माझ्याकडे काय काम आहे, हा विचार पहिल्या घासाआधी येई. त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी अठ्ठावीस वर्षे हे सोसले होते. "माझ्यावर तेवढा संशय घेत नाहीत, कारण मी काही चांगलं वागतच नाही त्यांच्याशी," असे त्या शेजारणींना सांगत.

एकाच गोष्टीपाशी हा माणूस विरघळत असे, आणि ती म्हणजे लाकडी होडी. जुवेकरांचा जन्म राजापूरच्या खाडीकाठचा. त्यांचे चुलते होड्या बांधत, आणि इंग्रजी शाळेसाठी मुंबईला जाईपर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षापर्यंत, ते चुलत्यांच्या हाताखाली फळ्या तासत बसत. अठ्ठेचाळीस साली मुंबईहून कलकत्त्याला बदली झाली तेव्हा इतर अधिकाऱ्यांनी इथली हवा, इथले मासे आणि इथले संप यांची चौकशी केली. जुवेकरांनी पहिल्याच रविवारी घाटावर जाऊन होड्या पाहिल्या. मग तो नेम झाला. मोडकळीला आलेली एखादी लहान होडी दिसली की ते मालकाला गाठत, उकिडवे बसून तिच्या फळ्या ठोकून पाहत आणि मालकाने विचारले नसतानाही डागडुजी कशी करायची ते सांगत. दोन होड्या तर त्यांनी स्वतः बसून धड केल्या होत्या.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. पूर्वी मुंबईकडून, कोकणच्या बंदरांतून या नदीत कोणती जहाजे येत, मीठ कुठे उतरे, नांगर कुठे पडत, हे म्हाताऱ्या नावाड्यांना विचारून ते लिहून ठेवत. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायची सवय नसल्यामुळे प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्नचिन्ह असे. तीन वर्षांत वही भरत आली, पण इतिहास कमी आणि प्रश्नचिन्हेच जास्त, अशी तिची अवस्था होती.

एक्कावन्न सालच्या जानेवारीत बजबजला त्यांना ती होडी सापडली. एका ज्यूटच्या गिरणीच्या पडक्या गुदामामागे ती पालथी पडली होती आणि तिच्यावर शेळ्या बसत. साडेअकरा फूट लांब, चार फळ्या कुजलेल्या, नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, मोठे भगदाड. जुवेकर शेळ्या हाकून खाली वाकले आणि तसेच वाकून राहिले. बंगालमध्ये दोन फळ्या कडेला कड लावून लोखंडी पट्ट्यांनी टाचतात. इथे पट्टी नव्हती. फळीच्या कडेला खाच होती आणि दुसरी फळी त्या खाचेत बसवलेली होती. त्यांनी खिळ्याने फट उकरली. कापूस निघाला आणि त्याबरोबर काळपट खपली. ती त्यांनी चुरडून नाकाशी नेली. चंद्रूस, होडीच्या फटी बुजवायची राळ! त्यांच्या चुलत्यांच्या अंगाला कायम तोच वास असायचा. ही होडी आपल्याकडची होती, सागवानाची, कोकणात बांधलेली, आणि देव जाणे कोणत्या जहाजाच्या पाठीवर बसून हुगळीच्या चिखलात आली होती. जुवेकरांच्या डोळ्यांत पाणी आले. लगेच, हा आपल्यासाठी कुणी मुद्दाम मांडलेला सापळा तर नाही ना, असेही त्यांच्या मनात आले, आणि उठून त्यांनी चारी बाजूंना पाहून घेतले.

गुदामबाबू म्हणाला, न्या. जुवेकरांनी ते शिक्क्यानिशी लिहून घेतले.

गुदामापासून नदीकडे जाताना मधे गिरणीचे एक तळे होते. त्याच्या काठाला निवारण मिस्त्रीची झोपडी होती. निवारण पूर्व बंगालातल्या बारिसालचा, पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधणारा. फाळणीनंतर घरदार सोडून इकडे आला आणि गिरणीच्या पडीक जागेवर चार बांबू रोवून राहिला. चाळिशीचा, हाडकुळा, बोलायला कमी. त्याची म्हातारी आई तिकडेच मागे राहिली होती आणि तिला आणायचे हा त्याचा एकच ध्यास होता. गिरणीचा दरवान त्याला उठवायला टपलेला असे. रोज येऊन तो काठीने झोपडीच्या कुडाला टोचे.

जुवेकरांनी होडी निवारणच्या दारात आणून ठेवली आणि काम त्याला दिले. दुसऱ्या रविवारी दरवान आला, कस्टम्सच्या साहेबांना पाहून त्याने सलाम ठोकला आणि काठी बगलेत धरून परत गेला. निवारण हिंदीत बंगाली मिसळून बोलायचा. तो म्हणाला, "बाबू, खरं सांगतो. तुमची होडी माझ्या दारात आहे तोवर माझी झोपडी आहे. दरवान येतो, होडी बघतो आणि जातो."

कुणी इतके सरळ बोलले की जुवेकर अधिकच सावध होत. याला आपली होडी हवी आहे, हे त्यांनी मनात टिपून ठेवले.

काम वर्षभर चालले, कारण जुवेकरांना रविवारच मोकळा. माझेरहाटला गाडीत बसायचे आणि डबा घेऊन बजबजला उतरायचे. निवारणला फळ्या पट्ट्यांनी टाचायच्या होत्या. जुवेकरांनी त्याला खाचेची पद्धत करून दाखवली. निवारणने ती एका दुपारी उचलली आणि तिसऱ्या रविवारी त्याची खाच जुवेकरांच्या खाचेपेक्षा चांगली बसली. जुवेकरांना कौतुक वाटले आणि धास्तीही वाटली. इतका हुशार माणूस जुन्या सागवानाची किंमत ओळखून असणारच. सहा दिवस होडी याच्या ताब्यात. एखादी सागवानी फळी काढून तिथे दुसरीच बसवली, वर रंग दिला, तर कुणाला कळणार?

म्हणून त्यांनी खुणा केल्या. जप्तीच्या पेटाऱ्यांवर ते एक गुपित खूण कोरत, एक आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन उभ्या, नखाएवढ्या. निवारण पाणी आणायला गेला की ते खिशातला चाकू काढत आणि फळीच्या आतल्या टोकाशी खूण कोरत. एकवीस फळ्यांवर एकवीस खुणा. पुढे दर रविवारी, डबा शोधतो आहे किंवा पडलेली टोपी उचलतो आहे असे दाखवत, ते होडीत वाकून त्या तपासत. सगळ्या जागच्या जागी असत. त्यामुळे त्यांना बरे वाटायला हवे होते, पण हा फार सबुरीचा माणूस दिसतो, एवढेच त्यांच्या मनात येई.

तरी गप्पा होत. बंगालमध्ये मराठी माणसाला बर्गी म्हणून चिडवतात, दोनशे वर्षांपूर्वीच्या स्वाऱ्या इथे कुणी विसरलेले नाही. निवारण हसत म्हणाला, "आमच्या आया पोरांना तुमच्या लोकांची भीती घालून झोपवतात, बाबू. माझी आईसुद्धा घालायची." मग तो म्हणाला की अशी खाचेच्या फळ्यांची एक होडी त्याच्या आजोबांच्या घाटावर होती, पश्चिमेकडचे मीठवाले ती सोडून गेले होते असे म्हणत. जुवेकर तीन वर्षे हाच पुरावा शोधत होते. त्यांनी वही काढून ते लिहून घेतले. नेमके आपल्याला हवे तेच हा सांगतो, म्हणजे आपल्याला खूश करायला रचून सांगत असणार, असे वाटून पुढे त्यांनी दोन प्रश्नचिन्हे दिली.

बावन्नच्या फेब्रुवारीत होडी पुरी झाली. बाहेरून जुवेकरांच्या हट्टाने तेल आणि चंद्रूस. आतून निवारणच्या हट्टाने गाब. हे आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या जातीचे फळ. पावसाळ्यात कच्चे तोडून, कुटून, मडक्यात कुजवत ठेवतात, आणि तो रस लाकडाला दिला की लाकूड काळे होते व पाणी धरत नाही. "आतून मी एकटाच देईन. घाईचं काम नाही ते," असे निवारण म्हणाला. जुवेकरांना तेही खटकले. पण नेमकी त्याच सुमारास बंदरात गर्दी झाली आणि त्यांना ओळीने चार रविवार कामावर जावे लागले.

पाचव्या रविवारी, चैत्राच्या उन्हात, ते बजबजला पोचले तेव्हा होडी नव्हती.

निवारणही नव्हता. झोपडीचे दार सुंभाने बांधलेले होते. दारातल्या जमिनीवर होडीच्या लांबीचा फिकट पट्टा तेवढा उरला होता. जुवेकरांना दुःख झाले हे खरे, पण त्याआधी क्षणभर त्यांना बरे वाटले. आपला संशय खरा ठरला की माणसाला दुःखाआधी समाधान होते, आणि जुवेकरांना तर त्याचे वर्षभराचे व्याज मिळाले होते.

त्यांनी रीतसर तपास केला. गवतावर ओढल्याच्या खुणा होत्या. त्या झोपडीपासून तळ्याच्या काठापर्यंत जात होत्या आणि तिथे संपत होत्या. पुढे तळ्याला वळसा घालणारी वाट दगडासारखी कडक होती आणि ती नदीवर जात होती. म्हणजे इथवर ओढत आणली, इथून उचलून नदीवर नेली आणि वल्हवून पसार झाला. तळ्यात काठापासून चार हातांवर एक बांबू रोवलेला होता, त्याच्या टोकाला लाल चिंधी होती. जुवेकरांनी तो पाहिला. कुणी मासे धरायला लावला असेल, असे म्हणून त्यांनी नजर नदीकडे वळवली.

इथे त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. कोकणात मोसम संपला की होडी वर ओढतात, ओंडक्यांवर चढवतात आणि वरून नारळीचे झाप घालून शाकारून ठेवतात. रिकामी होडी पाण्यात राहिली तर किडा लाकडाची चाळण करतो. जमिनीवर कोरडी असलेली होडी शाबूत, हे ते चुलत्यांच्या हातून मार खात शिकले होते. होडीचे दुसरे काही करतात ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात येणे शक्य नव्हते.

दरवान काठी टेकत आला. "साहेब, मी तर पहिल्यापासून सांगत होतो," तो म्हणाला. त्याने पूर्वी काहीच सांगितलेले नव्हते. "पाच दिवस झाले, गाठोडं घेऊन स्टेशनकडे गेला. या लोकांचा काय भरवसा?"

"होडी?"

"ती आधीच गायब झाली, साहेब. अशा होड्या सॉल्ट लेकच्या मासेवाल्यांकडे जातात."

जुवेकरांना हे एकदम पटले. त्यांनी दोन दिवस रजा काढली आणि सॉल्ट लेकच्या त्या अफाट दलदलीत, मासे पोसायच्या बांधांवरून, गुडघाभर चिखलात ते होड्या पालथ्या करून पाहत हिंडले. एकवीस खुणांतली एकही सापडली नाही. कोळ्यांनी मात्र त्यांना चोर समजून दोनदा हटकले.

घरी कालिंदीबाईंनी त्यांच्या धोतराचा चिखल पाहिला. "अहो, त्याची आई यायची होती ना? तुम्हीच म्हणाला होतात. तिला आणायला गेला असेल."

"आई ही सगळ्यांत जुनी सबब आहे. जहाजावर दर दुसऱ्या माणसाची आई आजारी असते."

"बरं, आणि होडी? ती काय आईला दाखवायला नेली?"

"तेच म्हणतोय मी. उद्या पोलिसांत देतो."

कालिंदीबाई हातातले काम ठेवून समोर येऊन बसल्या. "तुम्ही तक्रार दिलीत की गिरणीवाले त्याची झोपडी उपटतील. तुमच्या होडीच्या नावावर उभी आहे ती. एवढं कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," जुवेकर म्हणाले. "गेली तर गेली. माझी होडी गेली आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बजबजच्या चौकीवर तक्रार लिहून दिली. अक्षर सुरेख, मुद्दे क्रमवार, संशयिताचे नाव, वय, बांधा, बोलण्याची ढब. अशी नेटकी तक्रार त्या चौकीवर पूर्वी कधी आली नसावी. हवालदाराने ती आदराने दोनदा वाचली.

पुढच्या रविवारी जुवेकर तपास कुठवर आला ते पाहायला गेले. झोपडी नव्हती. बांबू उपटून एका बाजूला टाकले होते, चटयांचा ढीग झाला होता, चुलीचे तीन दगड लाथेने उडवलेले दिसत होते. गाबाचे मडके तेवढे कलंडून शाबूत राहिले होते. गिरणीची माणसे जागेभोवती तारेचे कुंपण घालत होती. "साहेबांच्या कृपेने," दरवान म्हणाला.

जुवेकर काही बोलणार इतक्यात स्टेशनच्या वाटेने दोन माणसे येताना दिसली. निवारणने एका हाताने एका म्हातारीचा दंड धरला होता आणि डोक्यावर एक पत्र्याची पेटी सावरली होती. म्हातारी एवढीशी होती, पोटाशी गाठोडे घट्ट धरून चालत होती आणि दर दहा पावलांवर थांबत होती. ती दोघे कुंपणापाशी आली. निवारणने पेटी खाली ठेवली. आपले घर जिथे होते तिथे त्याने बराच वेळ पाहिले. मग दरवानाकडे पाहिले आणि मग जुवेकरांकडे.

शेकडो माणसांना दरदरून घाम फोडणारे जुवेकर त्या वेळी एकच प्रश्न विचारू शकले. "होडी कुठे आहे?"

"बाबू," निवारण म्हणाला, "बांबू दिसला नाही तुम्हाला?"

सदरा काढून तो सरळ तळ्यात शिरला. बांबूपाशी कमरेइतके पाणी होते. तो खाली गेला आणि वर आला तो हातात एक वीट घेऊन. वीट त्याने काठावर फेकली. पुन्हा गेला. पुन्हा वीट. म्हातारी काठावर बसून पाहत होती. जुवेकर मोजत नव्हते, त्यांच्याच्याने मोजवतच नव्हते. पंधरावीस विटा निघाल्यावर पाणी आणखी गढूळ झाले, आणि मग पहिल्यांदा नाळ, तिच्यामागोमाग दोन्ही कडा, अशी ती होडी तळ्यातून हळूहळू वर आली. हातभर पाण्याखाली, बांबूला बांधलेली, दोन आठवडे ती तिथेच होती. जहाजाच्या पोलादी भिंतीमागचे सोने हुडकणाऱ्या माणसाला ती दिसली नव्हती.

निवारण डब्याने पाणी उपसत होता आणि थांबत थांबत बोलत होता, रागाने नाही, एखाद्या शिकाऊ माणसाला समजावून सांगावे तसा. "चैतात होडी उन्हात ठेवली तर फळ्या सुकतात, सांधे उघडतात. नवीन लाकूड तर फाटतंच. आमच्या देशात सगळे बुडवून ठेवतात, बाबू, तळ्यात, गोड्या पाण्यात. पावसाआधी काढायची. लाकूड फुगतं, सांधा घट्ट बसतो. तुम्ही चार रविवार आला नाहीत. आईची तार आली, स्यालदाला उतरतेय म्हणून. तिथे ती आजारी पडली, छावणीत नाव लिहायचं, लस टोचून घ्यायची, बारा दिवस गेले. मी दरवानजींना सांगून गेलो होतो, बाबू आले की बांबू दाखवा म्हणून."

जुवेकरांनी वळून पाहिले. दरवान कुंपणाच्या तारा नीट ताणल्या आहेत की नाहीत ते पाहत होता. सगळ्या जगात या एका माणसावर त्यांनी संशय घेतला नव्हता, कारण हा एकटाच त्यांच्यासारखे बोलत होता.

होडी काठाला लागली. आत थेंबभर पाणी झिरपत नव्हते. निवारणने तळहाताने गाळ पुसला आणि तो बाजूला सरला. "बघून घ्या, बाबू. तुमच्या खुणा."

जुवेकर वाकले. आतून होडी काळीभोर झाली होती, तीन हात गाब दिलेला दिसत होता. आणि त्या काळ्या रंगात प्रत्येक फळीच्या टोकाशी अंगठ्याच्या नखाएवढी जागा कोरी सोडली होती. प्रत्येक कोऱ्या जागेत एक आडवी रेघ आणि दोन उभ्या. बाबूंना तपासायला सोपे जावे म्हणून निवारणने एकवीस ठिकाणी बोट आवरून रंग दिला होता. त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. वर्षभर दर रविवारी जुवेकरांची टोपी पडत होती आणि तो पाणी आणायला जात होता, मुद्दाम जरा उशीर लावून.

जुवेकरांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. ते तसेच चौकीवर गेले आणि तक्रार मागे घेतली. हवालदार म्हणाला, कागद परत घेता येतो, साहेब, झोपडी कशी घेणार? तिथून ते गिरणीत गेले. गुदामबाबूने खांदे उडवले, कुंपण वरच्या हुकमाने घातले होते. ते परत तळ्यावर आले तेव्हा दुपार झाली होती. निवारणने आईला होडीच्या सावलीत बसवले होते.

"माझ्या घरी चला," जुवेकर म्हणाले. "दोघंही. जागा आहे."

म्हातारीने निवारणला विचारले, कोण हा बाबू? निवारण म्हणाला, मराठी बाबू. म्हातारीने जुवेकरांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि गाठोडे पोटाशी आणखी आवळून धरले. बर्गी या शब्दाची तिची भीती साठ वर्षांची होती. आज त्या लोकांतला एक माणूस तिने प्रत्यक्ष पाहिला, आणि समोर तिच्या मुलाचे घर मोडलेले होते.

"नको, बाबू," निवारण म्हणाला. "आमची माणसं आहेत पुढे. जातो तिकडे."

"मग होडी घेऊन जा. तुझी आहे ती."

निवारणने त्यांच्याकडे पाहिले. "उद्या कुणी विचारलं, कुठून चोरलीस, तर?"

जुवेकरांनी वही काढली. इतिहासाच्या पानांमागचे एक कोरे पान फाडून त्यांनी लिहिले की ही साडेअकरा फुटांची सागवानी होडी निवारण मिस्त्री याच्या मालकीची आहे, ती त्याने स्वतः बांधून पुरी केली आहे आणि याबद्दल त्याला कुणीही काही विचारू नये. खाली सही, हुद्दा आणि तारीख. कागद वाचून पाहिल्यावर तेच चपापले. अडवू नका असे त्यांनी पूर्वी कधी कुणाविषयी लिहिले नव्हते.

मग त्यांनी कलंडलेले मडके उचलले. तळाशी गाबाचा घट्ट रस उरला होता. ते होडीत उतरले तेव्हा निवारण म्हणाला, "ओलं आहे अजून. आता लावलंत तर धरणार नाही." म्हणून त्यांनी वाट पाहिली. ऊन चढत होते आणि दोघे मिस्त्री होडीच्या दोन बाजूंना बसून लाकूड सुकताना पाहत होते. मध्येच जुवेकर म्हणाले, "माझं चुकलं." ते मराठीत म्हणाले, कारण दुसऱ्या भाषेत त्यांच्या तोंडून ते निघेना. निवारणला समजले असावे. त्याने मान हलवली. माफ केले, असे मात्र तो म्हणाला नाही.

फळ्या सुकल्यावर जुवेकरांनी मडक्यात बोट घातले आणि पहिल्या फळीवरची खूण रंगवली. मग दुसरी. एकविसावी होईपर्यंत त्यांची तिन्ही बोटे काळी झाली. चौघा नावाड्यांच्या मदतीने होडी नदीवर नेली. म्हातारी आत बसली, पेटी मधे ठेवली, कागद गाठोड्यात गेला. भरती सुरू झाली होती, आणि तिच्याबरोबर निवारण वल्हवत वर गेला. कुठे उतरणार, हे जुवेकरांनी विचारले नाही.

संध्याकाळी त्यांनी कालिंदीबाईंना सगळे सांगितले, काही न गाळता. त्यांनी ऐकून घेतले आणि, मी म्हटले नव्हते का, हे मोठ्या मनाने गिळले. मग त्यांची नजर नवऱ्याच्या बोटांवर गेली.

"अहो, हे काय? उद्या कामावर जायचंय ना? असे हात घेऊन लोकांच्या पेट्या उघडणार?"

त्यांनी आत जाऊन एक लिंबू चिरून आणले. गाबाचा डाग लिंबाने जातो, घासावे लागते जरा. जुवेकरांनी ती फोड हातात घेतली, बोटांकडे थोडा वेळ पाहिले, आणि ताटात वाढलेल्या वरणावर पिळून टाकली.